भिंत काळी, तर चूल तांबडी

लग्न करून या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंच्या शिव्या खाल्ल्या. कारण काय, तर मी भिंत घासली.

घराची मागची भिंत कारखान्याकडे तोंड करून होती आणि वरपासून खालपर्यंत काळीकुट्ट होती. मला वाटलं, चिमणीची काजळी असेल, घरातल्या बायकांनी आळस केला असेल. नवी नवरी, हातात जोर आणि अंगात हौस. बादलीत सोडा कालवला, काथ्याचा ब्रश घेतला आणि दाराएवढा तुकडा घासून चांगला उजळ केला. आता कौतुक होईल म्हणून पदराला हात पुसत उभी राहिले, तर सासूबाईंनी येऊन ब्रशच हिसकावून घेतला.

"अगं अवदसे, माझा मुलगा जिवंत आहे अजून!"

मला काही कळेना. भिंतीचा आणि मुलाच्या जिवाचा काय संबंध? समोरच्या घरातली बाई आवाज ऐकून मागे आली होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. पुढे तीच माझी जन्माची मैत्रीण झाली, पण त्या दिवशी मला तिचा असा राग आला म्हणता!

मग हळूहळू कळलं. आमच्या गल्लीत भिंत एकदाच घासायची. घरातल्या माणसाचं कारखान्यातलं काम कायमचं संपलं, म्हणजे तो म्हातारा होऊन घरी बसला, किंवा गेला, किंवा काढून टाकला, की मग घरच्यांनी भिंत घासून स्वच्छ करायची आणि घर पुढच्या कामगाराला सोडायचं. पुढच्याने आपली भिंत आपल्या कामाने काळी करून घ्यायची. म्हणून सासूबाईंना तो अपशकुन वाटला. माझ्या त्या उजळ तुकड्याला गल्लीने 'नवरीचा दरवाजा' असं नाव ठेवलं. पाहुणे आले की समोरची बोट दाखवून सांगायची, "वहिनींना घरातून पळून जायचं होतं, म्हणून मागच्या बाजूला दार पाडत होत्या."

ते काळं चिमणीचं नव्हतंच. चिमणीचा धूर दुसऱ्याच अंगाला जायचा. आमचा कारखाना स्पिरिटचा. पिण्याचं नव्हे. साखर कारखान्यातून येणारी मळी हौदात आंबवायची, ती उकळून वाफ वर चढवायची, थंड करायची, आणि जे निघेल ते रंगाला, औषधाला, शाईला, दिव्याला द्यायचं. कुणी तोंडाला लावू नये म्हणून त्यात कडूजहर औषध घालत. तरी बाहेरचे लोक हसायचेच. माझ्या सख्ख्या भावाने जाताना कानात विचारलं होतं, "ताई, दाजी येताना रोज थोडी घेऊन येतात का गं?"

तर हे स्पिरिट थोडं थोडं हवेत उडतं, आणि त्या उडालेल्यावर एक काळी बुरशी जगते. झाडाच्या खोडावर, पत्र्यावर, भिंतीवर बसते. अंगाला अपाय नाही, असं कारखान्याचे डॉक्टर सांगायचे. आम्हाला अपायाचं काही नव्हतंच. आमची म्हणच होती, भिंत काळी, तर चूल तांबडी. स्पिरिट निघतंय म्हणून भिंत काळी होते, आणि स्पिरिट निघतंय तोवर घरात चूल पेटते. मुलगा बघायला आलेले पाहुणे आधी भिंत बघायचे आणि मग मुलगा. एका वर्षी म्हणे भिंती इतक्या काळ्या झाल्या होत्या की गल्लीत दिवसा दिवा लावावा लागायचा. सासूबाई ते वर्ष आठवून सुखावायच्या. "तेव्हा बघायचंस तू! हात टेकला तर हात काळा. लक्ष्मी होती ती."

माझा नवरा भट्टीवर होता. उकळलेलं स्पिरिट थंड होऊन एका काचेच्या पेटीतून बारीक धारेने वाहत जायचं. ती पेटी कुलूपबंद. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. धार जाड झाली, बारीक झाली, गढूळ झाली की वाफ कमीजास्त करायची. यांची नजर जन्मभर त्या धारेवर. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. एरवी सगळे 'धार' म्हणायचे. मला 'धारवहिनी'.

पण पेटीतून धार पुढे कुठे जाते, ते यांनी कधी पाहिलं नव्हतं. भट्टीच्या भिंतीपलीकडे टाक्यांचं आवार होतं, त्याला वेगळं फाटक आणि सरकारी कुलूप. भट्टीवाल्याने टाक्यांकडे जायचं नाही, टाकीवाल्याने भट्टीकडे यायचं नाही. माल चोरीला जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त. टाकीत काठी सोडून माल मोजणारे एक काका आमच्याच गल्लीत राहायचे. त्यांना काठीवाले काका म्हणत. माणूस भला, पण आवारातली गोष्ट ओठाबाहेर काढायचा नाही. समोरची म्हणायची, "काकूंनी विचारलं ना, आमटीत मीठ बरोबर आहे का, तरी काका म्हणतील, वरून हुकूम आला की सांगतो."

माझे सगळे दिवस त्या भिंतीकडे बघत गेले. आधी बरा काळ होता. मग फार चांगला काळ आला. कापडाचा रंग, कृत्रिम रबर, तेजाब, नाना वस्तू स्पिरिटपासून करायला लागले. देशात नवीन नवीन भट्ट्या उभ्या राहिल्या. आमच्याकडे तिन्ही पाळ्या चालू झाल्या. रस्त्यावरून टँकर गेले की माझ्या फळीवरची भांडी खणखणायची. मुलगी तान्ही होती, ती त्या आवाजावर झोपायची. सुट्टीच्या दिवशी टँकर नसले की रडायची.

मग त्याच वस्तू खनिज तेलापासून होऊ लागल्या, आणि स्वस्त. मळी महाग झाली. इकडची भट्टी बंद झाली, तिकडची झाली, असं कानावर यायला लागलं. आमच्या तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक. सासूबाई त्याच काळात गेल्या. अगदी शेवटी त्या बाहेर नेऊन बसवायला सांगायच्या, भिंतीवर बोट फिरवायच्या आणि बोट डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या. "फिकं पडलंय गं," म्हणायच्या. मी म्हणायचे, "आई, तुमची नजर अधू झालीय." पण फिकं पडलं होतं हे खरं होतं.

आणि मग ते आजाराचं वर्ष आलं. माणसं घराबाहेर पडेनात, पण आमचा कारखाना धडधडायला लागला. जगाला हात धुवायला स्पिरिट हवं होतं. गंजलेली भट्टी घासून पुसून पुन्हा पेटवली. घरी बसलेल्या म्हाताऱ्यांना बोलावून आणलं. हे दोन-दोन पाळ्या करून यायचे, तोंडावर फडकं, डोळे लाल, आणि तरी खूश. "अगं, तरुणपणी नव्हती अशी धार वाहतेय," म्हणायचे. लोक मरत होते आणि आमच्या घरात दिवस बरे आले होते. त्याचं मला ओझं वाटायचं, पण नको कोण म्हणणार?

आजार ओसरला. तरी भट्टी चालूच राहिली. मालकाने मळीचे करार आधीच करून ठेवले होते, आलेली मळी फेकून थोडीच देणार. आणि भिंत? भिंत अशी काळी होत गेली की विचारू नका. पुढच्या वर्षी नवरीचा दरवाजा पार बुजला. इतक्या वर्षांत तो तुकडा कधी आजूबाजूच्यासारखा झाला नव्हता. यांनी मला हात धरून मागे नेलं.

"दाखव बघू कुठे होता तुझा दरवाजा?"

मला सापडेना. हे लहान मुलासारखे हसले. "आई असायला हवी होती," म्हणाले.

त्याच सुमारास साहेबांनी यांना ऑफिसात बोलावलं. साहेब चांगला माणूस होता, उगाच खोटं का बोला. मालकाने दूर आमच्या मुलीच्या गावाजवळ नवा कारखाना काढला होता. तिथे पेट्रोलमध्ये मिसळायचं कोरडं स्पिरिट निघणार होतं, पाण्याचा थेंबही नसलेलं. आमच्या जुन्या भट्टीला ते जमण्यासारखं नव्हतं. तिकडे जुनी, हात बसलेली चार-पाच माणसं हवी होती. राहायला खोली मिळणार होती. आठवड्यात हो की नाही सांगायचं होतं.

मला तर आकाश ठेंगणं झालं. मुलगी तिथल्या दवाखान्यात नोकरीला, जावई फिरतीवर, आणि तिला दिवस गेलेले. देव दार उघडून या म्हणत होता. मी मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली.

हे जेवायला बसले आणि म्हणाले, "साहेबाने भिंतीवर कागद लावलाय. देशात दरसाल किती स्पिरिट निघतं त्याची तांबडी रेघ. वर वर गेलीय, आजाराच्या वर्षी तर कागदाच्या कडेला टेकलीय, आणि आता उतरतेय. मला म्हणतो, धार, ही रेघ बघ आणि ठरव."

"मग काय ठरवलंत?"

"ठरवायचं काय? कागदावरची रेघ माणूस काढतो. आपली भिंत कुणी रंगवली का?"

मी वाढता वाढता थांबले. "अहो, मुलगी अवघडलेली आहे."

"बाळंतपणाला तू जा की. मी कुठे अडवतोय?"

"आणि तुम्ही?"

"इथे धार तुटलेली नाही, तोवर मी कसा जाऊ? उद्या नवी माणसं घ्यायला लागतील. आणि तिथे मी जाऊन काय करू? ती सगळी यंत्रं बटणावर. या वयात पोरांच्या हाताखाली उभा राहू?"

हे खरं कारण, एवढं मला कळलं. पण भिंतीची ढाल पुढे होती. मग मीही ऐकवलं.

"एक विचारू? माझी भांडी का वाजत नाहीत?"

"कसली भांडी?"

"फळीवरची. टँकर गेला की वाजायची. आता दिवस दिवस वाजत नाहीत. तुमची धार एवढी वाहतेय, तर जातेय कुठे?"

यांनी घास तसाच ठेवला. क्षणभर वाटलं, पटलं. मग म्हणाले, "रस्ता नवा केलाय ना आता. गुळगुळीत. कशी वाजतील?"

रस्ता नवा केला होता हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काठीवाल्या काकांच्या घरी गेले. काकू चहा करत होत्या. काका पायरीवर बसून चपलेला खिळा मारत होते.

"काका, एकच सांगा. टाक्या भरलेल्या आहेत का रिकाम्या?"

काकांनी हातोडी थांबवली नाही. "वहिनी, उद्या विचाराल सरकारी किल्ली कुठे असते."

"यांनी जावं की राहावं?"

हातोडी थांबली. काका माझ्याकडे बघेनात. "मुलगी जिथे असेल तिथे आईबापांनी जावं," असं म्हणाले. "हे मी टाकीवाला म्हणून बोलत नाही हं."

मी जसंच्या तसं यांना सांगितलं. हे हसले. "काकांना मुलगा नाही ना, म्हणून ते सगळ्यांना मुलीकडे पाठवतात." आठवडा संपला. हे साहेबांना नाही म्हणून आले. गल्लीतल्या ज्यांनी हो म्हटलं त्यांनी सामान बांधलं आणि जायच्या आधी रीतीप्रमाणे भिंती घासल्या. हे आमच्या भिंतीपाशी उभे राहून बघत राहिले. "एवढी काळी भिंत घासताना हात कसे गळून पडत नाहीत यांचे," म्हणाले.

मुलीचा फोन आला तेव्हा मी बाबांना विचार म्हणून फोन यांच्या हातात दिला. ती काय बोलली मला ऐकू आलं नाही. हे नुसतं "हो गं, बघू गं" करत होते आणि दुसऱ्या हाताने खिडकीची कडा पुसत होते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एके दिवशी सकाळी भलत्याच वेळी भोंगा झाला.

स्पिरिटच्या कारखान्यात अवेळी भोंगा म्हणजे आग. गल्लीतल्या सगळ्या बायका जशा होत्या तशा पळाल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या पायात चप्पल नाही. समोरची माझा हात धरून धावत होती आणि वाटेत एकच म्हणत होती, "धूर दिसत नाही गं, धूर दिसत नाही."

धूर नव्हताच. आग नव्हती. टाक्यांच्या आवाराचं फाटक सताड उघडं होतं. जन्मात पहिल्यांदा मी ते उघडं पाहिलं. आत सगळे कामगार उभे होते आणि साहेब कागद वाचून दाखवत होते. माणसांना एकत्र बोलवायला दुसरा उपाय नव्हता म्हणून भोंगा वाजवला, असं नंतर कळलं. मळी संपली होती, मालकाने हात वर केले होते, कारखाना त्याच दिवसापासून बंद. घरं पावसाळ्याआधी रिकामी करायची.

पण हे साहेबांकडे बघतच नव्हते. हे टाक्यांकडे बघत होते. मोठमोठ्या पत्र्याच्या टाक्या, आणि सगळ्या वरपासून खालपर्यंत काळ्या. नुसत्या काळ्या नाहीत, साय धरावी तसा थर. आवारात चार झाडं होती, ती जळाल्यासारखी दिसत होती. जमीन काळी, कुंपण काळं. आणि वास असा की डोळ्यांना पाणी येत होतं. प्रत्येक टाकीच्या माथ्यावर हवा जायला एक वाकडी नळी होती आणि उन्हात त्या नळीच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसत होती.

काठीवाले काका जवळ आले. त्यांच्या हातात काठी नव्हती.

"काका," हे म्हणाले, "भरलेल्या आहेत?"

"गळ्यापर्यंत."

"कधीपासून?"

"आजार संपला तेव्हापासून. कुणी नेलंच नाही रे. सगळ्या देशाने भरमसाट काढून ठेवलंय, घेणार कोण? तुम्ही तिकडून सोडत होता, मी इकडे जागा करत होतो."

हे नळीच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे काळं इथून येतं."

"मग कुठून येणार? भट्टीतून काय उडतं, चिमूटभर. पडून राहतं ते उडतं. जितकं जास्त पडून, तितकं जास्त काळं."

"पण आई सांगायची, त्या वर्षी भिंती इतक्या काळ्या..."

"त्या वर्षी रंगाच्या कारखान्यात संप होता," काका म्हणाले. "सहा महिने टँकर हलला नव्हता. मी नवा होतो तेव्हा. तुझा बाप आणखी थोड्याने घरीच बसला असता, पण संप मिटला. त्या माउलीला कोण सांगणार?"

"मला सांगायचंत, काका."

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "जेवढं सांगता येत होतं तेवढं."

आम्ही घरी आलो. यांना पाणी दिलं, ते प्यायले. मी म्हटलं, साहेबांना पुन्हा विचारून बघा, तिकडे अजून एखादी जागा असेल. म्हणाले, "विचारलं येताना. भरल्या सगळ्या." मग जरा वेळाने, "पोरीची खोली केवढी आहे गं?"

"एकच आहे. आपण झोपू स्वयंपाकाच्या ओट्याखाली. नातवंडाला सांभाळायला माणूस हवंच आहे तिला."

"म्हणजे तू सांभाळशील," हे म्हणाले. "मी काय बघत बसू?"

जन्मभर एका धारेकडे बघितलेला माणूस, त्याला दुसरं काय बघायला देणार?

चार वाजता उठले. "सोडा आहे का घरात?"

"आहे."

"आणि तो काथ्याचा ब्रश?"

मी बादली भरून दिली. हे मागे गेले. मी घराच्या कोपऱ्याशी उभी राहून बघत होते. भिंतीवर हात ठेवून अंदाज घेत घेत ते एका जागी थांबले आणि म्हणाले, "इथेच होता ना तुझा दरवाजा?"

"थोडा डावीकडे."

तिथून त्यांनी घासायला सुरुवात केली. थर इतका जाड होता की पहिलं पाणी नुसतं काळं ओघळून खाली आलं, खालचं काही दिसेना. हे दोन्ही हातांनी जोर लावून घासत होते. त्यांचा सदरा, कोपर, कपाळ सगळं काळं झालं. ब्रशचा आवाज ऐकून समोरची मागे आली. काहीतरी चेष्टा करेल असं वाटलं मला, तिची सवय होती ती. पण तिने बघितलं आणि ती परत गेली. थोड्या वेळाने तिच्या घराच्या मागूनही ब्रशचा आवाज यायला लागला. मग त्याच्या पुढच्या घरातून.

"अहो," मी म्हटलं, "आता पुरे. पुढे राहायला येणार तरी कोण आहे? कुणासाठी घासताय?"

यांनी ब्रश बादलीत बुडवला. पाणी आता डांबरासारखं झालं होतं.

"हे ओत," म्हणाले, "आणि दुसरं आण."